बंदुकीचा गंज आणि ग्वाल्हेरची हवा: तेल, पिशवी, सिलिका जेल, सगळ्याचा एकत्र रिव्ह्यू

सरळ निकालच आधी सांगते, ज्यांना एवढं मोठं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. घरात लायसन्सची बंदूक आहे, वर्षभर ती कपाटातच पडून असते आणि गंजापायी वैताग आलाय, तर हजार-बाराशे रुपये इम्पोर्टेड तेलाच्या डब्यावर घालू नका. एक डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा), किलोभर सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची रबराची पट्टी आणा, बस. तेलाचा नंबर त्यानंतर, आणि तेही अगदी थोडं.

आता सविस्तर, कारण इंटरनेटवर यावर जे सापडतं ते सगळं अमेरिकेतल्या लोकांचं, त्यांच्याकडे तळघरं असतात, हजार पौंड वजनाच्या तिजोऱ्या असतात, आपल्याकडे गोदरेजचं कपाट आणि त्यात वरच्या कप्प्यात आईच्या पैठण्या. आमच्याकडे दोन हत्यारं आहेत, आजोबांची बारा बोरची दुनळी, वेब्ली अँड स्कॉटची, आणि बाबांचं .32 रिव्हॉल्वर, कानपूरचं. बाबा गेल्यावर भाऊ म्हणाला मी बेंगलोरला बसून काय करू, आई म्हणाली तूच बघ, मग वारसाहक्काने लायसन्स माझ्या नावावर झालं. एकनळी पण होती पण 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर माणशी दोनच ठेवता येतात म्हणून ती काकांनी डीलरकडे जमा करून टाकली. चालवत कोणीच नाही. आमच्या बंदुका कपाटाबाहेर येतात त्या दसऱ्याला, इलेक्शनला पोलीस थान्यात जमा करायला आणि लायसन्स रिन्यू करताना, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांत हेच चित्र आहे, म्हणून हा रिव्ह्यू पडून असणाऱ्या बंदुकीचा आहे, रेंजवर जाणाऱ्यांनी आपलं बघावं.

पहिली गोष्ट हवा. लोकांना वाटतं गंज हा मुंबई-कोकणचा प्रॉब्लेम, इथे ग्वाल्हेरला मे महिन्यात 45 डिग्री, लू चालते, माणसाचे ओठ फुटतात तिथे लोखंडाला कुठला गंज. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर थोडं सांभाळलं की झालं, असं सगळे म्हणतात. पण हायग्रोमीटर कपाटात ठेवला (तीन-चारशे रुपयांत मिळतो, चौकोनी, काड्यापेटीपेक्षा जरा मोठा, मागे चुंबक असलेला घ्या म्हणजे कपाटाला आतून चिकटतो) आणि मग खरं काय ते कळलं. ऐन मे महिन्यात, बाहेर धूळ उडतेय, गच्चीवर कपडे अर्ध्या तासात वाळतायत, आणि कपाटात आर्द्रतेचा आकडा 65 टक्के. का, तर खोलीत कूलर. डेझर्ट कूलर दुसरं काय करतो, कोरडी हवा ओल्या खसमधून ओढून खोलीत फेकतो, म्हणजे आपण स्वतःच्या हाताने खोलीचा पावसाळा करतो, आणि ती हवा कपाटाच्या दाराच्या फटीतून आत जाते. आणि बरोबर कूलरच्या खोलीतच बंदुकीचं कपाट असतं, कारण ती घरातली मोठ्यांची खोली. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना हा त्रास नाही, एसी हवा कोरडी करतो.

दुसरा वाईट महिना जानेवारी. कोहरा म्हणजे दाट धुकं पडतो तेव्हा दगडी भिंतींच्या जुन्या घरात खोली गार असते, लोखंड त्याहून गार, आणि सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं, गिझरच्या पाण्याची वाफ आली, चहाचं आधण उकळलं, की ती ओली गरम हवा गार नळीला लागून दव धरतं. डोळ्यांना दिसतही नाही. हिवाळ्यात बाहेरून बंदूक घरात आणली (थान्यातून म्हणा, गावाहून म्हणा) तर लगेच कव्हरमधून काढू नका, तासभर तशीच राहू द्या, खोलीच्या तापमानाला आली की काढा, पुसा, मग ठेवा. हे फुकटचं आहे आणि कुठल्याही तेलापेक्षा जास्त कामाचं.

आकड्यांचं गणित एवढंच की हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड भराभर गंजायला लागतं, 50 च्या खाली ते बरंच निवांत असतं. मग म्हणाल अगदी वीसवर आणून ठेवू, तर नको, लाकडी कुंदा आकसतो, चिरा पडतात, विशेषतः जुन्या अक्रोडाच्या कुंद्याला. 40 ते 50 च्या मधे काटा राहिला की हात जोडायचे.

हायग्रोमीटर: पाचपैकी पाच. यात रिव्ह्यू करण्यासारखं काही नाही, फक्त विकत घेतल्यावर एकदा तपासून घ्या, एका छोट्या वाटीत मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाकून ओलसर करा (पातळ नाही, दाटच), वाटी आणि मीटर दोन्ही एका झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा, आकडा 75 च्या आसपास यायला पाहिजे, हे मिठाचं ठरलेलं वागणं आहे. माझा 71 दाखवतो, म्हणजे चार कमी, ते मनात धरून वाचते.

आता केस. मामेभावाने दिल्लीहून एक झकास केस आणली होती, काळी, आतून अंडीट्रेसारखा फोम, बाहेर दोन कुलपं, बघणारा म्हणतो वा. लांबच्या साठवणीसाठी एक स्टार, तोही कुलपांसाठी. फोम ओल शोषतो आणि धरून ठेवतो, बंदूक त्यात रुतून बसलेली, हवा खेळत नाही, आणि नळी जिथे जिथे फोमला टेकली होती तिथे तिथे तपकिरी ठिपक्यांची रांग, बाकी नळी चकचकीत. प्रवासाला केस उत्तम, घरी आल्यावर बंदूक बाहेर. चामड्याचं होल्स्टर तर त्याहून वाईट, चामडं कमावताना वापरलेले क्षार आत राहतात, त्यात ओल आली की रिव्हॉल्वरच्या सिलिंडरवर पहिला डाग पडतो, कारण तिथेच चामडं घट्ट बसतं. बाबांचं होल्स्टर सुंदर आहे, हाताने शिवलेलं, ते आता कपाटात वेगळं असतं आणि रिव्हॉल्वर वेगळं. कॅनव्हासचं कव्हर, बनातीचं कव्हर, आजीने शिवलेलं खणाचं कव्हर, सगळ्यांना हेच लागू.

तेलांकडे येऊ, भांडणं तिथेच होतात. आमच्या आत्यांचं म्हणणं सरसोंचं तेल, पिढ्यान्‌पिढ्या तेच लावलंय. लावलंय खरं, आणि म्हणूनच दुनळीच्या कळीत (घोड्या-चापाच्या यंत्रणेत), एजेक्टरच्या (रिकामं काडतूस बाहेर फेकतो तो) खाचेत पिवळट चिकट थर साठला होता जो रॉकेलमधे भिजवून लाकडी काडीने खरवडायला लागला. खाण्याची तेलं हवेत हळूहळू घट्ट होत जातात, धूळ धरतात, घोडा जड चालायला लागतो. खोबरेल तर थंडीत गोठतं. शिवणाच्या मशीनचं तेल मात्र चांगलं आहे, पातळ मिनरल तेल, स्वस्त, लोहिया बाजारात कुठेही मिळतं, फक्त ते निथळून खाली जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत थर पातळ होतो, म्हणजे परत पुसावं लागतं.

डब्ल्यूडी-40 चं काय ते सांगते कारण प्रत्येक जण तेच विचारतो. हे 1953 मधे सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने बनवलं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ कवचाला गंज चढू नये म्हणून, आणि पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम, ते काम ते फार छान करतं. बंदूक पावसात भिजली, दव धरलं, घामेजल्या हातांनी चार जणांनी हाताळली, तर मारा आणि पुसा. पण त्यातला पातळ करणारा भाग उडून जातो आणि मागे उरतो तो अगदी झिरझिरीत थर, सहा महिने कपाटात ठेवायच्या बंदुकीला तेवढं पुरत नाही, त्यावर दुसरं काहीतरी लावायला पाहिजे. बॅलिस्टॉल हे जर्मन, 1904 चं, हलकं अल्कलाइन असल्यामुळे बोटांच्या घामातल्या आम्लाला मारतं, लाकडालाही चालतं, चामड्यालाही चालतं, पाण्यात घातलं तर दुधासारखं पांढरं होतं. वास मात्र असा की आईने विचारलं काय जळलं, आवडणारे लोक आहेत म्हणे. मला तेल म्हणून तेच सगळ्यात आवडलं, चार स्टार, एक कापला तो किमतीचा आणि वासाचा. पण परत सांगते, कपाट 65 वर असेल तर बॅलिस्टॉल लावूनही ठिपके येतात, कपाट 45 वर असेल तर मशीनच्या तेलावरही वर्ष निघतं, दोन्ही करून बघितलंय.

तेल किती, तर चिंदीवर दोन-तीन थेंब, चिंदी घासून घासून ओलसर करायची आणि मग ती फिरवायची, हात लावला तर बोटाला चकाकी यावी पण ओघळ येऊ नये. जास्त तेल लावून बंदूक नळी वर करून उभी ठेवली की सगळं तेल खाली उतरून कळीत आणि तिथून कुंद्याच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, जुन्या दुनळ्यांत कुंदा आणि लोखंड जिथे भेटतात तिथे बघा, बहुतेकींचं हेच झालेलं असतं. आडवी ठेवा, किंवा नळी खाली. ग्रीस लावायचं तर खूप लांबच्या मुदतीसाठी ठीक, पण नळीत आतून ग्रीस असेल आणि कोणी ते न पुसता फायर केलं तर नळीतल्या अडथळ्याने दाब वाढतो, नळी फुटू शकते, म्हणून आमच्या घरात नळीच्या तोंडाला चिठ्ठी बांधलेली असते, ग्रीस आहे आधी पुसा. आणि काडतुसांच्या जवळ कुठलंही तेल नेऊ नका, पातळ तेल प्रायमरमधे (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) शिरलं की काडतूस फुसकं होतं. काडतुसं वेगळ्या डब्यात, कोरडी.

सिलिका जेल. हा माझा हिरो. तीनशेच्या आत किलोभर येतं, निळे मणी, हातात घेतले तर भिजवायच्या आधीचा साबुदाणा कोणी शाईत बुडवून काढलाय असं वाटतं. कोरडे असतात तोवर निळे, ओल पिऊन भरले की गुलाबी, बघता क्षणी कळतं. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी हे ओढून घेऊ शकतं. भरलं की ताटात पसरून 110 ते 120 डिग्रीवर दोनेक तास तापवायचं, परत निळं, परत कपाटात, वर्षानुवर्षं तेच चालतं. जास्त तापवलं तर मणी खराब होतात, काळपट पडतात, तेव्हा घाई नको. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही, निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या ताटात, केकच्या ओव्हनमधे तापवू नका. मी एक जुना ओटीजी फक्त यासाठी ठेवलाय, आईने त्यावर खडूने फुली मारलीय. लहान मुलं असतील तर नारिंगी मणी घ्या, ते भरले की हिरवे होतात, त्यात कोबाल्ट नसतं, जरा महाग पडतात.

पण मणी नुसते कपाटात ओतून काही होत नाही, आणि इथेच लोक वैतागून वाईट रिव्ह्यू लिहितात की चार दिवसांत गुलाबी झालं, फसवलं. फसवलं नाही हो, तुमचं कपाट उघडं आहे. लोखंडी कपाटाच्या दाराला चारी बाजूंनी फट असते, खालून तर बोट जाईल एवढी, मणी बिचारे तुमच्या कपाटाची नाही तर सगळ्या बेडरूमची हवा कोरडी करायला बसलेले असतात, त्यात कूलर चालू. म्हणून दाराला रबराची पट्टी, दारं-खिडक्यांना धूळ येऊ नये म्हणून लावतात तीच, मागे चिकट टेप असलेली, साठ-सत्तर रुपयांत येते. पट्टी लावायच्या आधी कडा स्पिरिटने पुसून घ्या नाहीतर मे महिन्यात सुटून लोंबते. कुलपाच्या भोकाच्या आतल्या बाजूला एक टेपचा तुकडा. पट्टी लावल्यापासून माझे मणी पावसाळ्यातसुद्धा महिनाभर टिकतात आणि काटा पन्नाशीच्या खाली. जुन्या मोज्यात मणी भरून गाठ मारा, असे दोन मोजे, एक वर एक खाली, त्या छोट्या पुड्यांच्या भानगडीत पडू नका, बुटांच्या डब्यातून जमवलेल्या पुड्या तर आधीच भरून गेलेल्या असतात.

कपाटात लावायचा हीटिंग रॉडही घेऊन बघितला, साधारण 15 वॅटचा, आतली हवा थोडी गरम ठेवतो म्हणून आर्द्रतेचा टक्का खाली येतो. महिन्याला अकराच्या आसपास युनिट जातात, ते परवडतं, जानेवारीत खरंच उत्तम चालतो, दव धरायचा प्रश्नच मिटतो. पण मे महिन्यात आधीच भट्टी झालेल्या खोलीत अजून गरम करायची इच्छा होत नाही, वायर आत न्यायला कपाटाला भोक पाडावं लागतं, आणि लाइट गेली की गेलं. तीन स्टार. ज्यांच्याकडे काडतुसं त्याच कप्प्यात आहेत त्यांनी तर नकोच.

व्हीसीआय पिशवीचं (गंज रोखणारी वाफ सोडणारी पिशवी) प्रकरण इलेक्शनशी जोडलेलं आहे. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा, आपल्या चंबळ भागात तर हे ठरलेलंच. विधानसभेची 9 ऑक्टोबर 2023 ला लागली, ती संपून जरा श्वास घेतो तोच लोकसभेची 16 मार्च 2024 ला, ग्वाल्हेरचं मतदान 7 मे ला होऊन गेलं तरी निकाल 4 जूनला, म्हणजे आख्खा उन्हाळा बंदूक परक्या घरी. थान्याच्या मालखान्यात (जमा सामानाच्या खोलीत) ढिगाने बंदुका, कोणाची कशावर, त्यांचाही नाइलाज आहे, जागा तेवढीच. पहिल्या वेळी परत आली तेव्हा नळीला सुतळीने पुठ्ठ्याचा बिल्ला बांधलेला होता, सुतळी सोडली तर खाली नळीभोवती बांगडी, लाल, बारीक बारीक पीळ उमटलेले, सुतळीचा प्रत्येक पेड मोजता येईल अशी. सुतळी ताग आहे, ओल धरते, आणि जिथे घट्ट बांधली तिथे तेल पुसून जातं. बाकी बंदुकीवर एवढं काही नव्हतं, ती बांगडी मात्र खोल गेलेली.

म्हणून लोकसभेच्या वेळी व्हीसीआय पिशवी. यातून एक रसायन हळूहळू वाफेच्या रूपाने सुटतं आणि लोखंडावर अगदी पातळ थर धरतं, जिथे चिंदी पोहोचत नाही तिथेही, फॅक्टऱ्यांत बेअरिंगं, स्पेअर पार्ट यातच गुंडाळून येतात. बंद पिशवीत वर्ष-दोन वर्षं काम देते, उघडी राहिली की वाफ उडून जाते आणि ती साधी प्लॅस्टिकची पिशवी होते. पितळेचे भाग असतील तर सगळ्या धातूंना चालणारी मागून घ्या. अडचण ही की थान्यात नंबर जुळवायला पिशवी उघडावी लागते. म्हणून मी लायसन्सची झेरॉक्स आणि हत्याराचा नंबर मोठ्या अक्षरात पारदर्शक पाकिटात घालून पिशवीवर बाहेरून चिकटवला, बिल्ला पिशवीच्या कडीला बांधायची विनंती केली, मुंशीजींनी एकदा उघडून नंबर बघितला, समोरच झिप लावली आणि बिल्ला कडीला बांधला. जूनमधे परत आली तेव्हा तेल जसं लावलं होतं तसं. चार स्टार, पण नेहमी उघडझाप होणार असेल तर दोन. डीलरकडे पैसे देऊन जमा करायचा पर्यायही आहे, पावती व्यवस्थित मिळते, काकांची एकनळी तशीच आहे आणि ते खूश आहेत, मला फी जास्त वाटली.

दसऱ्याबद्दल दोन शब्द, कोणी रागावू नका. शस्त्रपूजा आमच्याकडे अजून साग्रसंगीत होते, आपट्याची पानं, झेंडू, ओलं कुंकू, हळद, वर पाण्याचा शिंतोडा, आणि मग पूजा रात्रभर तशीच मांडलेली. दुनळीच्या घोड्याच्या पुढे, नळीच्या सुरुवातीला, जिथे आजोबा बोट टेकवायचे तिथे एक अर्ध्या पैशाएवढा खड्डा आहे, कडा गोल, मधे बारीक बारीक टोचल्यासारखं, तो वर्षानुवर्षांच्या टिळ्याचा आहे, बोट फिरवलं की लागतो. आता आम्ही नळीवर मेण लावतो आणि टिळा कुंद्याला, लाकडाला. मेण म्हणजे रेनेसाँ वॅक्स, 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या लोकांनी जुन्या वस्तू जपायला काढलेलं, म्युझियममधली हत्यारं, चिलखतं यानेच राखतात. चिमूटभर घेऊन पातळ चोळायचं, थोडं वाळलं की कोरड्या कपड्याने चमकवायचं, हात लावला तरी बोटाचे ठसे लोखंडापर्यंत जात नाहीत, चिकटपणा अजिबात नाही, धूळ बसत नाही. पडून असणाऱ्या बंदुकीच्या बाहेरच्या अंगाला तेलापेक्षा हे चांगलं. छोटी डबीही महाग आहे पण संपता संपत नाही. साडेचार.

आलेला गंज काढायचा कसा, तर आधी बंदूक रिकामी आहे ना ते उघडून डोळ्यांनी आणि बोटाने बघा, हे सांगायला लागू नये पण सांगते. वरवरचा तांबडा गंज असेल तर तेल लावून रात्रभर सोडा, मग चार शून्यवाल्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलला तेल लावून हलक्या हाताने, जोर अजिबात नाही. पॉलिश पेपर, घासणी, भांड्यांची पावडर, कोकम, लिंबू, व्हिनेगर, गंज काढायची लिक्विडं, काही नाही. बंदुकीचा काळा-निळा रंग हा सुद्धा लोखंडाचाच ऑक्साइड आहे, चांगल्या जातीचा, गंज खाणारं रसायन त्यालाही खातं आणि मग नळी पांढरी पडते आणि दुप्पट वेगाने गंजते. पुढचं लाकूड (फोर-एंड) काढून खाली बघा, तिथे सगळ्यात जास्त लपलेला असतो, एक्स्ट्रॅक्टरच्या मागेही. दोन नळ्यांच्या मधली पट्टी कुठे सुटली असेल तर त्यात तेल घालत बसू नका, आत ओल असेल तर ती तिथेच राहते, मिस्त्रीकडे न्या.

मिस्त्रीचंच सांगून संपवते. सुतळीची बांगडी घरी निघण्यासारखी नव्हती. एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले दोन दिवसांत नवी करून देतो, पॉलिश मारून केमिकलमधे बुडवतो, आरशासारखी होईल. तिथून मी बंदूक उचलून परत आले. एक तर एवढं पॉलिश मारलं की नळीवरचा नंबर आणि मेकरचे छाप पुसट होतात, आणि नंबर घालवणं हा आर्म्स ॲक्टच्या कलम 8 खाली गुन्हा आहे, मग कोर्टात काय सांगणार चकचकीत करायला दिली होती म्हणून. दुसरं, दुरुस्ती करणाऱ्याकडे स्वतःचं लायसन्स पाहिजे, कलम 5, ते भिंतीवर लावलेलं दिसायला हवं, तिथे नव्हतं.

मग काकांच्या ओळखीने लष्करातच एक म्हातारे मिस्त्री मिळाले, नाव देत नाही, त्यांना गर्दी नकोय. लायसन्स भिंतीवर, पावतीबुक, रजिस्टरमधे माझं नाव, नंबर, सही, सगळं. त्यांनी नळ्या हातात घेतल्या, उजेडाकडे धरून आतून बघितलं, मग नखाने मधली पट्टी ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "दीदी, इसको गरम नमक में कोई भी डाले, मत देना, टाँका खा जाएगा." म्हणजे झटपट काळं करायचं जे उकळतं कॉस्टिकचं मिश्रण असतं ते नळ्या जोडणारं मऊ सोल्डर खाऊन टाकतं, दुनळीला ते चालतच नाही, तिला जुन्या पद्धतीनेच करावं लागतं. जुनी पद्धत अशी की लोखंड आधी तेलविरहित स्वच्छ करायचं, औषध लावायचं, ओलसर पेटीत ठेवून मुद्दाम बारीक एकसारखा गंज येऊ द्यायचा, मग ती नळी उकळत्या पाण्यात, तांबडा गंज तिथल्या तिथे काळा होतो, तारेच्या मऊ ब्रशने भुकटी झाडायची, आणि हेच पुन्हा पुन्हा, रंग खोल होईपर्यंत. मी एका दुपारी बघायला बसले होते, पाणी उकळत होतं, केशरी नळी आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली ती मखमली काळी, मिस्त्रींनी झाडली तर खालून निळसर.

दीड महिना म्हणाले, अडीच लागले, कारण मधे पाऊस आला आणि गंज त्यांना हवा त्यापेक्षा भरड चढायला लागला, परत घासून सुरुवात केली. फोन उचलत नाहीत, दुकानावर जाऊनच विचारावं लागतं, दुपारी दोन ते पाच बंद. पैसे आधी सांगितले तेवढेच घेतले. बांगडी गेली, टिळ्याचा खड्डा त्यांनी विचारून तसाच ठेवला, म्हणाले तो काढायचा तर नळी पातळ करावी लागेल. नंबर आणि बर्मिंगहॅमचे छाप अगदी कोरल्यासारखे वाचता येतात. वेळेचा एक कापून चार स्टार, आणि रिव्हॉल्वरचं सिलिंडर दिवाळीनंतर त्यांच्याकडेच देणार आहे, पाऊस संपल्यावर.